फेथियेत आठ दिवस: एक मासेखाऊ सून, एक माळकरी सासूबाई आणि तुर्की जेवण

आमच्या इंग्लंडातल्या मराठी ग्रुपमधे तुर्कस्तानला जाऊन आलेले बरेच जण आहेत पण बहुतेक सगळे ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमधे राहून बुफे खाऊन परत येतात, त्यामुळे बाहेर काय मिळतं, शाकाहारी माणसाचं भागतं का, हे विचारलं की कोणालाच धड सांगता येत नाही. आम्ही 2023 च्या ऑक्टोबरमधे, शाळेच्या हाफ टर्म सुट्टीत, तुर्कस्तानातल्या फेथिये या समुद्रकाठच्या गावी गेलो होतो, मी, नवरा, मुलगा (वय 9) आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. गॅटविकहून दालामान विमानतळ साधारण चार तास, तिथून बसने तासाभरात फेथिये. किचन असलेलं अपार्टमेंट मुद्दाम घेतलं कारण आई माळकरी आहेत, मांस-मच्छी-अंडं काही नाही, आणि त्यात चातुर्मास चालू होता. प्रवासापुरता कांदा-लसूण त्या चालवून घेतात पण वांगं कार्तिकी एकादशीपर्यंत नाही म्हणजे नाही, आणि तुर्की स्वयंपाकात वांगं किती असतं ते तिथे गेल्यावर कळलं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे माझं सगळं लक्ष माशांकडे.

आधी शब्दांचं सांगते कारण त्याने आमचं निम्मं काम झालं. जेवून झाल्यावर बिल मागायला म्हणायचं "हेसाप लुत्फेन". हेसाप म्हणजे आपला हिशेब! आईंनी पहिल्याच रात्री हे पकडलं आणि मग त्यांना नादच लागला. पेय्निर म्हणजे चीज (पनीर), किय्मा म्हणजे खिमा, पिलाव म्हणजे पुलाव, शेकेर म्हणजे साखर, मेय्वे म्हणजे फळं (मेवा), नार म्हणजे डाळिंब (अनार), पाझार म्हणजे बाजार. यातले बरेच शब्द फारसी-अरबीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. भाषा अजिबात येत नसताना मेनूवरचे आठ-दहा शब्द ओळखीचे निघाले की परकं वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी आणि बीफ न खाणाऱ्यांनी हे शब्द फोनवर लिहूनच ठेवा. एत म्हणजे मांस, दाना म्हणजे गाईगुरांचं, कुझु म्हणजे कोकराचं, तावुक म्हणजे चिकन, यूमुर्ता म्हणजे अंडं. नुसतं कोफ्ते लिहिलं असेल तर त्यात बऱ्याचदा बीफ असतं, सुजुक नावाचं सॉसेज ब्रेकफास्टला देतात तेही सहसा बीफचंच. पोर्क जवळजवळ कुठे दिसत नाही, पण म्हणून सगळं चिकन-मटणच असेल असं धरून चालू नका. मांस नको असेल तर "एतसिझ", वांगं नको तर "पात्लिजानसिझ", मागे सिझ लावलं की झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे "एत सुयु वार मी?", मांसाचं पाणी आहे का. मर्जिमेक चोर्बासी म्हणून मसूर डाळीचं सूप प्रत्येक ठिकाणी मिळतं, आपल्या पातळ वरणासारखंच, वरून लिंबू पिळायचं आणि सुकी लाल मिरची भुरभुरायची, आजारी माणसालाही आवडेल इतकं छान, पण काही ठिकाणी ते हाडांच्या नाहीतर चिकनच्या पाण्यात शिजवतात. भाताचंही तसंच. आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारलं आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही, एका ठिकाणी तर आचारी स्वतः बाहेर येऊन मान हलवून "नको, हे नका घेऊ" असं खुणेने सांगून गेला. आईंना त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

मग आईंनी काय खाल्लं? तर झेय्तिनयाअली. म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्या. फरसबी टोमॅटोत मऊ शिजवलेली, राजम्यासारख्या ठिपक्यांच्या दाण्यांची बारबुन्या, द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या सारमा. ढोबळ नियम असा की थंड आणि ऑलिव्ह तेलातल्या सारमात मांस नसतं, गरम सारमात बहुधा खिमा असतो. हे सगळं उत्तम मिळतं एस्नाफ लोकांतासीत, म्हणजे बाजारातले दुकानदार, कामगार दुपारी जिथे जेवतात ती खानावळ. काचेमागे मोठ्या ट्रेमधे पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं, ब्रेड टेबलावर असतोच. फक्त दुपारी साडेबारा-एकला पोचा, तीन वाजता गेलात तर चांगलं सगळं संपलेलं असतं. समुद्राकाठचा रस्ता सोडून दोन गल्ल्या आत गेलं की अशा खानावळी दिसायला लागतात आणि बिल एकदम खाली येतं. मी आकडे मुद्दाम देत नाही कारण तिथली महागाई इतकी धावते की मी दिलेले भाव वाचेपर्यंत शिळे होतील.

फेथियेचा मोठा बाजार मंगळवारी भरतो, साली पाझारी. आमचा मंगळवार म्हणजे 24 ऑक्टोबर, नेमका दसरा. सकाळी अपार्टमेंटमधे आईंनी पूजा केली, आपट्याची पानं कुठून आणणार, साताऱ्याहून येताना पुस्तकात दाबून आणलेली चार पानं होती ती एकमेकांना दिली आणि निघालो बाजारात. आणि तिथे काय डाळिंबं! ऑक्टोबर म्हणजे तिकडचा डाळिंबाचा मोसम, लहान मुलाच्या डोक्याएवढी फळं, फोडून ठेवलेली, दाणे लालभडक. दुसऱ्या दिवशी एकादशी होती म्हणून आईंनी उपासाचा सगळा बाजार तिथेच केला, डाळिंबं, सुके अंजीर, अक्रोड, द्राक्षं, घट्ट दही. बाजारवाले चव बघायला हातावर देतात, न घेता पुढे गेलं तरी चालतं. पिशव्या घरून न्या, सुटी लिरा न्या, आणि मसाल्याच्या दुकानात रंगीत "टर्किश सॅफ्रॉन" स्वस्तात दिसलं तर ते केशर नाही, करडईच्या पाकळ्या असतात, घेऊ नका.

बाजारातच गोझ्लेमे खाल्लं. बायका जमिनीलगत पाटासमोर बसून काठीसारख्या बारीक लाटण्याने पातळ पोळी लाटतात, आत पालक, चीज नाहीतर बटाटा भरतात आणि उलट्या तव्यावर भाजतात. आई तिथेच उभ्या राहिल्या, म्हणाल्या अगं हे तर मांड्यासारखं आहे, आणि त्या बाईने हसून लाटणं त्यांच्या हातात दिलं. आईंनी एक पोळी लाटली, तिने ती भाजून आम्हालाच दिली आणि त्या पोळीचे पैसे घेईना. तिला म्हणायला एक वाक्य मी पाठ केलं होतं, "एलिनिझे साअलिक", तुमच्या हातांना आरोग्य लाभो. स्वयंपाक करणाऱ्याला हे म्हणतात. तुम्ही नक्की म्हणा, समोरच्याचा चेहरा बघा कसा खुलतो. एक सूचना, त्याच तव्यावर खिम्याचं गोझ्लेमे पण भाजतात, ज्यांना चालत नाही त्यांनी तवा पुसून घ्यायला सांगा. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) ज्यांना चालत नाही त्यांनी बटाटा घ्या. सोबत आयरान, म्हणजे मीठ घातलेलं आपलं ताकच, फक्त जिरं-कोथिंबीर नाही.

आता मासे! पास्पातूर म्हणून जुनी बाजारपेठ आहे, तिच्याजवळ बालिक पाझारी आहे, मासळी बाजार. मधे कोळ्यांचे ओटे आणि चारी बाजूंनी हॉटेलं. ओट्यावरून मासा किलोवर विकत घ्यायचा, साफ करून घ्यायचा आणि हव्या त्या हॉटेलात नेऊन द्यायचा, ते माणशी ठरलेले पैसे घेऊन भाजून देतात, सोबत सॅलड आणि ब्रेड. बसायच्या आधी माणशी किती आणि त्यात काय-काय येतं ते विचारा. मी वेंगुर्ल्याच्या बाजारात माझ्या आईचा हात धरून मासे ओळखायला शिकले ते इथे कामाला आलं, कल्ले उघडून लाल बघायचे, डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. मी कल्ले उघडून बघितल्यावर विकणारा लगेच मागच्या बर्फातला दुसरा मासा काढून दाखवायला लागला.

तिथे सगळ्यात जास्त दिसतात चिपुरा (सी ब्रीम) आणि लेव्रेक (सी बास). हे दोन्ही बहुतेक शेतीतले असतात, मुअला प्रांतात (फेथिये त्यातच येतं) मत्स्यशेती प्रचंड आहे. चव चांगलीच असते, पण समुद्रातला हवा असेल तर "देनिझ" म्हणा, शेतीतला तो "चिफ्तलिक", भावात मोठा फरक असतो. एप्रिलच्या मध्यापासून उन्हाळा संपेपर्यंत मोठ्या बोटींना मासेमारी बंद असते, आपल्याकडे पावसाळ्यात असते तशीच, म्हणून माशांसाठी जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. आम्ही एक लागोस (हेकरूच्या जातीतला) आणि थोडे बारबुन घेतले, बारबुन म्हणजे छोटे लाल मासे, पिठात घोळून तळतात, काट्यासकट कुरकुरीत. मसाला शून्य. मीठ, ऑलिव्ह तेल, लिंबू, बाजूला कडसर रोका पाला. पहिला घास घेताना तिरफळ आणि कोकम आठवलं, खोटं कशाला बोलू, पण ताज्या माशाला खरंच काही लागत नाही हे तिसऱ्या घासाला पटलं. आई त्याच टेबलावर शेजारी बसून मेझे (छोट्या वाट्यांतले तोंडीलावणी पदार्थ) खात होत्या, हायदारी (लसूण-पुदिना घातलेला चक्का), एझ्मे (टोमॅटो-मिरचीचा ठेचाच), समुद्राकाठची शेंगेसारखी खारट भाजी.

एक वाईट अनुभवही सांगते. समुद्रालगतच्या एका हॉटेलात न मागता चार मेझे टेबलावर आणून ठेवले, आम्हाला वाटलं ब्रेडसारखे फुकट असतील, हिशेबात त्यांचे पैसे लागले, वर कुव्हेर (टेबलावर बसण्याचे पैसे) आणि सर्व्हिस वेगळं. तेव्हापासून न मागितलेलं काही आलं की लगेच परत. मासा "बाजारभाव" असेल तर वजन करून आकडा लिहून घ्या. कार्ड मशीनवर पाउंड की लिरा विचारलं तर लिराच निवडा. सर्व्हिस लावलेला नसेल तर साधारण 10 टक्के टिप द्या.

दारूबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. राकी म्हणजे 45 टक्के अल्कोहोल, चव आपल्या बडीशेपेसारखी, पाणी घातलं की दुधाळ पांढरी होते. आधी राकी, मग पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. सोबत पांढरं चीज आणि खरबूज, आणि घाई अजिबात नाही, नवऱ्याने एक पेला दीड तास पुरवला. कर भरपूर असल्याने दारू महाग आहे. दुकानात रात्री 10 ते सकाळी 6 विक्री बंद असते, परवाना असलेल्या हॉटेलात मिळते. स्वस्त, बिनसीलची, कोणी घरची म्हणून देऊ केलेली दारू कधीही घेऊ नका, मिथेनॉलने तिथे माणसं दगावली आहेत.

चहा बिनदुधाचा, छोट्या कंबरदार ग्लासात. फिका हवा तर "आचिक", कडक हवा तर "देमली". आईंना दूध लागतं, "सुत" म्हणून मागितलं तर प्रत्येक वेळी गरम करून आणून दिलं. कॉफीची साखर ऑर्डर देतानाच सांगायची, कारण ती सोबतच उकळतात, साधी म्हणजे "सादे", मध्यम "ओर्ता". तळाचा गाळ प्यायचा नाही. नळाचं पाणी आम्ही प्यायलो नाही, बाटलीचंच.

ओलुदेनिझ आणि हिसारोनूला समुद्र बघायला जा, जेवायला नाही. दोल्मुशने (छोट्या शेअर बसने) अर्ध्या-पाऊण तासात होतं. तिथे इंग्लिश ब्रेकफास्ट, करी, पिझ्झा सगळं एकाच मेनूत असतं. त्यापेक्षा कायाकोयला जा, 1923 च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत रिकामं झालेलं ग्रीकांचं गाव, वर डोंगरावर नुसत्या भिंती, खाली झाडाखाली बसून ब्रेकफास्ट. काहवाल्तीत, म्हणजे तुर्की ब्रेकफास्टमधे, वीसेक छोट्या वाट्या येतात, ऑलिव्ह, चीज, काकडी, जॅम, साय आणि मध. चौघांत दोन माणसांचं मागवा, पुरतं. तो मध चाखाच, चाम बाली, पाइनच्या झाडावर एक किडा गोड रस सोडतो तो मधमाश्या गोळा करतात, फुलांचा नसतोच. गडद, किंचित खमंग, फार गोड नाही. 2021 च्या वणव्यात मुअलाची खूप पाइनची जंगलं जळली, मधवाल्यांचं मोठं नुकसान झालं, म्हणून घेताना दुकानातून नको, गावातल्या माणसाकडून घ्यावा असं आम्ही ठरवलं आणि तसाच घेतला.

निघालो त्या दिवशी 29 ऑक्टोबर, प्रजासत्ताकाला 100 वर्षं पूर्ण, गल्लीगल्लीत लाल झेंडे. नेहमीच्या चहावाल्याने शेवटच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. मधाची बाटली चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमधे तो द्रव धरतात आणि काढून घेतात. इंग्लंडला परतणार असाल तर चीज आणि सुजुक आणू नका, चालत नाही. सुके अंजीर आणा, आमचे आठवड्यात संपले.