नातीची फाईल

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक पुण्याहून आमच्याकडे इंदूरला आली होती. नर्सिंग होम घराजवळचं, ओळखीचं. नात जन्मली ती रडलीच नाही. त्याच रात्री तिला झटके आले आणि दुसऱ्या दवाखान्याच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवावं लागलं. तिथल्या कार्डावर 'एचआयई, स्टेज २' असं निदान होतं. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झाली होती.

नर्सिंग होममधली आया मात्र लेकीच्या सासूबाईंना एवढंच सांगून मोकळी झाली की बाईनं जोर लावला नाही. ते वाक्य घरात शिरलं ते निघेना. लेक रात्री उठून बसायची. म्हणून मी फाईल काढायला निघालो, भरपाईचा विचार पुष्कळ नंतरचा. उभी नोकरी सरकारी बाबूगिरीत गेली, कागद कसा हलतो हे मला कळतं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, डिस्चार्ज समरी दे दी ना, और क्या चाहिए?" वाद घातला नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. लेकीच्या सहीचा अर्ज, माझ्या नावे अधिकारपत्र, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच. अर्जात नुसतं 'सर्व कागदपत्रं' लिहिलं तर त्यांना वाटतील तेवढीच हातात पडतात. म्हणून एकेक नाव लिहिलं: पार्टोग्राम (बाळंतपण कसं पुढे सरकतं याचा तक्ता), सीटीजीच्या पट्ट्या (बाळाचे ठोके आणि कळा यांचा यंत्रानं काढलेला आलेख), नर्सच्या नोंदी, संमतिपत्र, लेबर रूमचं रजिस्टर, अपगार स्कोर (जन्मताच बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण), बालरोगतज्ज्ञांना बोलावल्याची वेळ. हे लवकर करावं, कारण रेकॉर्ड जपण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे.

फाईल आली, ती सगळी इंग्रजीत आणि डॉक्टरी अक्षरात. ओळखीतल्या एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शेजारी बसवून ती वाचायला शिकवली. कळा वाढल्यावर बाळाचे ठोके निदान दर अर्ध्या तासानं पार्टोग्रामवर मांडायचे असतात आणि शेवटच्या टप्प्यात त्याहून बरेच जास्त वेळा. साधारण 110 ते 160 हे ठीक. आमच्या कागदावर संध्याकाळपर्यंत ठिपके नीट होते. मग नर्सची एक ओळ: पाणी हिरवं, डॉक्टरांना कळवलं. म्हणजे बाळानं गर्भजलातच शी केली होती, आणि तो बाळाला त्रास होत असल्याचा इशारा असू शकतो. त्यानंतर दोन तासांहून जास्त वेळ एकही ठोका मांडलेला नाही. पुढची नोंद थेट व्हॅक्यूमची, म्हणजे डोक्याला कप लावून बाळ ओढून काढल्याची. बाईंनी त्या कोऱ्या जागेवर पेन्सिल ठेवली आणि लेकीला म्हणाल्या, "यात तुझ्या जोर लावण्याचा संबंध कुठे आला, बाळ?" माझ्या लेखी फाईलचं निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं निम्मं किचकट. मेव्हणा म्हणत होता पोलिसात जा. वकिलांनी थांबवलं. सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. ग्राहक आयोगातही 'परिणाम वाईट म्हणून डॉक्टर दोषी' चालत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. साधारण कुशल डॉक्टरानं त्या वेळी जे केलं असतं ते इथे झालं का, हा प्रश्न असतो. नातीला जी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व, आहे तिची कारणंही अनेक: अपुऱ्या दिवसांचं बाळ, जंतुसंसर्ग, तीव्र कावीळ. समोरच्यांनी जबाबात तेच लिहिलं, की इजा आधीचीच असेल. त्यावर आमच्याकडे पहिल्या आठवड्यातला एमआरआय होता. मेंदूच्या आत खोलवरच्या ज्या भागांना इजा दिसली, तो नमुना बहुतेकदा जन्माच्या आसपासच्या घुसमटीशी जुळतो.

एक मुद्दा मात्र आम्ही स्वतःच तक्रारीतून वगळला. मेंदूची इजा वाढू नये म्हणून बाळाला जन्मापासून सहा तासांच्या आत थंड ठेवण्याचा उपचार असतो, तो मिळाला नाही, हे मला सगळ्यात जोरदार वाटत होतं. न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं की भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरच्या, 2021 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्या उपचारानं मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. तो मुद्दा ठेवला असता तर समोरच्या वकिलानं त्यावरच आम्हाला धरलं असतं.

तक्रारीची मुदत दोन वर्षं. जिल्हा आयोग की राज्य आयोग, हे 2019 च्या कायद्यात तुम्ही मागता किती यावर ठरत नाही, बिल किती भरलं यावर ठरतं. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. तक्रार हिंदीत दिली, लेकीच्या आणि नातीच्या नावानं. सध्या प्रकरण सरकारी मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांच्या मताकडे गेलंय, आणि तारखा पडताहेत.

नातीची फिजिओथेरपी मात्र तारखांसाठी अडवली नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं, 'निरामय' या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात नाव घातलं. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चाची सोय आहे, थेरपीही बसते. पुढची तारीख नेमकी थेरपीच्या वारी आली आहे. वकील आयोगात जातील, मी नातीला घेऊन जाणार.