‘सगळे’ या शब्दाखालची रेघ

श्रीवर्धन, कार्तिक शुद्ध अष्टमी

पहाटे साडेपाचला ओटीवर बसले तेव्हा भरती पूर्ण व्हायला अर्धा तास होता. मामंजींनी शिकवलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि आठाची पाऊणपट सहा. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, असल्यामुळे पाणी फार चढत नाही, समुद्राची गाजही वाडीपर्यंत हलकीच पोहोचते. श्वासाकडे लक्ष द्यायला अशी पहाट मला फार आवडते.

बसण्याची ही रीत मी इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे साडेतीन दिवस केवळ आनापान असते: नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठाच्या वर जी इवलीशी जागा आहे, तिथून येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा पाहत राहायचा, तो लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नामाची जोडही द्यायची नाही. आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी किंचित उबदार. आज पाच मिनिटांतच मन पंपाच्या दुरुस्तीकडे गेले. परत आणले, पुन्हा गेले, पुन्हा आणले. मन भरकटले म्हणून स्वतःवर रागावण्यात पूर्वी माझी अर्धी बैठक सरत असे. आता त्याला परत आणणे हाच अभ्यास आहे, असे मी मनापासून मानते.

रात्री लिहिते ती वही मात्र या बसण्याहून जुनी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले, त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी एकच ओळ लिहिली होती: ‘सगळे संपले.’ दुसऱ्या दिवशी मामंजी काठी टेकत वाडीत गेले आणि आडव्या पडलेल्या झाडांतून वाट काढत त्यांनी उभ्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, मोजल्या. एकशे चाळीसपैकी तेवीस. माड सहा. त्यांनी तो आकडा मला वहीत लिहायला लावला, आणि ‘सगळे’ या शब्दाखाली मी पहिल्यांदा रेघ ओढली.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांचे म्हणणे मी पुढे वाचले, की निराश माणूस आलेल्या संकटाला कायमचे आणि सर्वव्यापी समजतो. मला ते लगेच पटले, कारण माझ्या वहीत ‘नेहमीच’ आणि ‘सगळे’ हे दोन शब्द पानोपानी होते. तेव्हापासून नियम ठेवला आहे, की यांपैकी एखादा शब्द लिहिला गेला तर खोडायचा नाही, त्याखाली रेघ ओढायची आणि जाऊन मोजून यायचे. आशा म्हणजे ‘होईल बरे’ असे घोकणे नव्हे. निदान मला ती मोजदादीतूनच मिळाली. तेवीस पोफळी उभ्या होत्या, म्हणून रोठा सुपारीच्या रोपांना बियाणे घरचेच मिळाले.

आज दुपारी वानरांची टोळी आली. संध्याकाळी वहीत लिहिले, ‘सगळी शहाळी पाडली.’ रेघ ओढली, बॅटरी घेतली आणि वाडीत गेले. खाली अकरा पडली होती, दोन दातांनी सोललेली. वर उजेड टाकला तर दोन माडांचे घड जसेच्या तसे होते. परतताना नव्या पोफळींपैकी विहिरीकडच्या एका झाडाला हात लावला; त्याची विरी, म्हणजे झावळीचा खोडाला वेढणारा बुंधा, सुटून पडली होती आणि तिच्याजागी पिवळसर फुलोरा बाहेर आला होता. लावल्यापासूनचा पहिला.

उद्या नवमी. भरती पावणेसातला.