सेल्सला जाऊ की सोल्युशन्स इंजिनिअर होऊ?

तर झालं असं की आमच्या सॉफ्टवेअर कंपनीनं दोन पर्याय दिले, अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणून सेल्सला जा, म्हणजे गिऱ्हाईक गाठून ऑर्डर आण, नाहीतर सोल्युशन्स इंजिनिअर हो, म्हणजे सॉफ्टवेअर गिऱ्हाईकाच्या कामात कसं बसतं ते चालवून दाखव, सोमवारपर्यंत सांग. शनिवारी सांगलीला घरी आले तरी डोक्यात तेच.

पैशाचं आधी सांगते, सगळे तेच विचारतात. सेल्समध्ये बऱ्याच ठिकाणी पगार अर्धा फिक्स, अर्धा टार्गेटवर, म्हणजे २० लाखांचं पॅकेज असलं तरी हमीचे १० च, क्वार्टर खराब गेला की तेवढ्यावर भागवायचं. पण टार्गेटच्या वर गेलात तर कमाईही तशीच. सोल्युशन्सला साधारण ७०-३० किंवा ८०-२०. घराचा हप्ता असेल तर हा फरक लहान नाही.

माझं ठरलं ते मात्र पैशावरून नाही. मागच्या वर्षी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजला डेमोला गेलो होतो, सेल्सचा एक दादा आणि मी. स्लाइड चालू होत्या, मालक मोबाईल बघत बसलेले. मधेच म्हणाले, "१०० पेट्यांचा लॉट आला, ४० सौद्यात गेल्या, उरलेल्या ६० चं भाडं कसं लागतंय तेवढं दाखवा." मी स्लाइड बंद केल्या, त्यांचंच रजिस्टर मागून घेतलं, एक नोंद सिस्टीमला भरली आणि लॉट फोडून बिल काढलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि दिवाणजींना हाक मारली. कोड लिहिताना इतकं भारी कधी वाटलं नव्हतं मला.

आधीच्या नोकरीत उलटं झालेलं. गिऱ्हाईकानं विचारलं, टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, जोडता येईल का, तर सेल्सनं "होईल की" म्हणून ऑर्डर घेतली, सगळे अर्ध्या हळकुंडानं पिवळे, आणि जोडणी तयारच नव्हती, तीन महिने त्या माणसाचे फोन मी घेत होते. सेल्सवाले खोटे असतात असं अजिबात नाही हां, त्या दादानं मालकांकडं सात-आठ चकरा मारल्या, रेटची घासाघीस केली, ॲडव्हान्सचा चेक आणला, त्याला छाती लागते आणि ते मला जमणारं नाही.

अप्पा मार्केट यार्डात अडत दुकानात आहेत, हळदीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कोण भाव बोलत नाही. त्यांना दोन्ही कामं समजावून सांगितली तर लगेच म्हणाले, "मग तू मोडून दाखवणारी हो बाळ, पुकारायला हाय की दुसरा."

सोमवारी सोल्युशन्सला हो कळवलं. पुढच्या आठवड्यात कुपवाडला डेमो आहे, त्यांच्या मागच्या हंगामाच्या रजिस्टरची पानं आधीच मागवून घेतलीत.