तुम्ही विचारलंत म्हणून: भाषण ऐकून संताप आला, आता करायचं काय?

‘मोठ्या नेत्याचं भाषण ऐकलं की डोकं तापतं. आकड्यांचा पाऊस पडतो, टाळ्या पडतात, आणि आपण नुसते बघत बसतो. सामान्य माणसाने करायचं तरी काय?’ हा प्रश्न सतत विचारला जातो.

संताप योग्यच आहे. पण अख्ख्या भाषणावर काढलेला संताप दोन दिवसांत विरतो, आणि त्याला कुणीही उत्तर देणं लागत नाही. म्हणून भाषणातलं एकच वाक्य धरा. इतिहास, अस्मिता, विरोधकांवरची टीका हे सगळं सोडून द्या, ते तपासता येत नाही. ज्या वाक्यात आकडा, मुदत किंवा योजनेचं नाव आहे ते घ्या, आणि तेही पूर्ण भाषणातून. पंतप्रधानांची सरकारी कार्यक्रमांतली बहुतेक भाषणं पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी, सरकारी माहिती माध्यमांना देणारं केंद्राचं कार्यालय) संकेतस्थळावर लिखित स्वरूपात मिळतात. फिरत आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर विसंबू नका. क्रियापद नीट बघा: ‘केलं’, ‘करत आहोत’ आणि ‘करू’ हे तीन वेगळे दावे आहेत.

२८ फेब्रुवारी २०१६ रोजी बरेलीच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याचं स्वप्न मांडलं. पहिला प्रश्न असा की कशाच्या दुप्पट? पुढे नेमलेल्या अशोक दलवाई समितीने आधार वर्ष २०१५-१६ धरलं आणि महागाई वजा जाता दुप्पट असा अर्थ घेतला. त्यासाठी दर वर्षी सुमारे १०.४ टक्के वाढ लागणार होती. आता मोजमापाकडे या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये होतं, २०१८-१९ मध्ये १०,२१८ रुपये. वाढ दिसते, पण हे आकडे महागाई वजा न करता दिलेले आहेत. शिवाय त्यांच्या पोटात शिरलं की वेगळंच दिसतं: पिकांपासूनचं उत्पन्न ३,०८१ वरून ३,७९८ वर गेलं, तर मजुरीचं २,०७१ वरून ४,०६३ वर. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीतून जास्त पैसा येऊ लागला. आणि मुदतीच्या वर्षासाठी हे सर्वेक्षण झालंच नाही. राग या वाक्यावर धरा, कारण इथे विचारता येतं: मोजलंच नाही, तर लक्ष्य गाठलं की नाही हे कोण सांगणार?

हीच फूटपट्टी विरोधकांनाही लावा, नाहीतर तुमच्या प्रश्नाला वजन राहत नाही. २०१९ मध्ये काँग्रेसने ५ कोटी गरीब कुटुंबांना वर्षाला ७२,००० रुपये देऊ असं सांगितलं. गुणाकार करा: ३ लाख ६० हजार कोटी. त्या वर्षीचा अंतरिम अर्थसंकल्प साधारण २७ लाख ८४ हजार कोटींचा होता. जवळपास आठवा हिस्सा कुठून आणणार, हे सभेतच विचारायला हवं होतं.

‘इतके हजार कोटी दिले’ हे वाक्य सर्वांत फसवं असतं. मंजूर, वितरित आणि खर्च या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. केंद्रीय अर्थसंकल्पात प्रत्येक मंत्रालयाच्या निधीच्या मागण्यांसमोर प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज असे रकाने असतात. भाषणात बहुधा अंदाज येतो. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी छापला जातो, तेव्हा सभा कुणाच्या लक्षातही नसते. उदाहरणार्थ २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सापडेल.

तिथेही न सापडलेलं माहिती अधिकारात मागा. केंद्राकडे अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, आणि अर्ज साधारण ५०० शब्दांत. महाराष्ट्र शासनाकडे अर्ज करताना मर्यादा १५० शब्दांची आणि विषय एकच. ‘का केलं नाही?’ असं विचारलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. म्हणून असं लिहा: ‘अमुक योजनेत तमुक जिल्ह्यासाठी ३१ मार्चपर्यंत मंजूर रक्कम, वितरित रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि पूर्ण झालेल्या कामांची यादी द्यावी.’ चुकीच्या कार्यालयात गेला तर ५ दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यात पहिलं अपील, तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. पहिल्या अपिलाची मुदत सहज हुकते. अर्ज केल्या दिवशीच ती तारीख लिहून ठेवा.

आणि दावा कुठे केला, हे महत्त्वाचं आहे. सभेतलं किंवा जाहीरनाम्यातलं आश्वासन कायद्याने बांधील नसतं. जाहीरनाम्यातली वचनं लोकप्रतिनिधित्व कायद्याखालचा ‘भ्रष्ट मार्ग’ (निवडणुकीतला गैरप्रकार) ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ च्या निकालात सांगितलं. मात्र मंत्र्याने तेच संसदेत दिलं तर त्याची नोंद होते, साधारणपणे ३ महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते, आणि संसदेची सरकारी आश्वासन समिती पाठपुरावा करते. म्हणून आपल्या खासदाराला पत्र पाठवून त्या एका वाक्यावर अतारांकित (म्हणजे लेखी उत्तर मिळणारा) प्रश्न विचारायला सांगा. सत्ताधारी खासदार टाळत असेल तर शेजारच्या मतदारसंघातल्या, दुसऱ्या पक्षाच्या खासदाराला लिहा. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा पत्र अधिवेशन सुरू होण्याआधीच जायला हवं. पत्रात भाषणाची तारीख, ठिकाण, नेमके शब्द आणि हवा असलेला आकडा एवढंच असू द्या.