टॅपेस्ट्रीची पाठ

पैठणी अस्सल आहे की नाही हे पाहायचे असेल तर पदर उलटून पाहावा, असे माझी आजी सांगत असे. मोर पुढून जितका रेखीव, तितकाच तो मागूनही असला पाहिजे. मागे धाग्यांच्या लोंब्या दिसल्या की ती साडी बाजूला ठेवून द्यायची. फ्रान्समधील आँजे शहराच्या किल्ल्यात ‘अपोकॅलिप्स’ ही टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचे विणलेले चित्र, पाहताना मला आजीचे हे बोलणे सारखे आठवत होते.

आँजू प्रांताचा ड्यूक लुई पहिला याने ही टॅपेस्ट्री करवून घेतली आणि 1382 च्या सुमारास ती पूर्ण झाली. राजदरबारातील चित्रकार ब्रूजचा जाँ याने तिची मूळ चित्रे काढली, तर पॅरिसचा व्यापारी निकोला बताय याने विणकामाची व्यवस्था पाहिली. बायबलच्या अखेरच्या ग्रंथातील जगाच्या अंताची दृश्ये तिच्यात आहेत. मुळात ती सुमारे 140 मीटर लांब होती. आज 100 मीटरांहून थोडी अधिक उरली आहे. दालनात प्रकाश मुद्दाम अगदी मंद ठेवलेला असतो. डोळे सरावले की आधी एकाआड एक येणारी लाल आणि निळी पार्श्वभूमी दिसते आणि मग हळूहळू सात डोक्यांचा पशू, देवदूत, कोसळणारी नगरे उलगडत जातात.

टॅपेस्ट्री म्हणजे कापडावरील भरतकाम नव्हे. (बायूची सुप्रसिद्ध ‘टॅपेस्ट्री’ खरे तर भरतकामच आहे.) येथे चित्र आणि कापड एकाच वेळी जन्माला येतात. मागावर उभे धागे ताणलेले असतात. आडवा रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, तर ज्याच्या त्याच्या रंगाच्या जागेपुरता जाऊन तेथूनच मागे वळतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. आडवे धागे इतके दाटून बसवतात की उभे धागे पूर्ण झाकले जातात. पैठणीचा पदर आणि काठ याच तत्त्वाने विणले जातात. तेथे रेशीम आणि जर असते, आँजे येथे लोकर आहे. आणखी एक फरक आहे. दोन रंग जेथे उभ्या रेषेत शेजारी येतात, तेथे पैठणीत धागे एकमेकांत अडकवून घेतात; युरोपीय विणकर मात्र पुष्कळदा तेथे फट राहू देत आणि ती नंतर सुईने शिवून घेत.

बहुतेक युरोपीय टॅपेस्ट्रींमध्ये विणकर मागच्या बाजूने काम करतो आणि धाग्यांची टोके त्याच बाजूला सोडतो. भिंतीकडची बाजू कोण पाहणार? आँजेच्या विणकरांनी मात्र ही टोके आत दडवून टाकली, त्यामुळे तिची पाठही पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ आहे. जे कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, त्यावर एवढे कष्ट घेणाऱ्या त्या हातांविषयी मला अपार आदर वाटतो.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात या कामाची दैना झाली. टॅपेस्ट्रीचे तुकडे करण्यात आले आणि कोणी ते थंडीत संत्र्यांच्या झाडांवर पांघरले, कोणी तबेल्यात लावले, कोणी पायपुसणे म्हणून वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जुबेर नावाच्या धर्मगुरूंनी हे तुकडे गोळा करून त्यांची डागडुजी करवून घेतली. नव्वद दृश्यांपैकी एकाहत्तर वाचली. हे वाचताना मला गलबलून आले; जुन्या पैठण्या त्यांतील जर वितळवण्यासाठी जाळल्या गेल्याचे आपल्याकडेही ऐकलेले असते.

1980 च्या दशकात मागचे अस्तर काढले गेले, तेव्हा आत शतकानुशतके उजेड न लागलेले रंग जसेच्या तसे होते. मंजिष्ठेच्या कुळातील मुळ्यांचा लाल, वोड या वनस्पतीच्या पानांचा निळा, वेल्ड या वनस्पतीचा पिवळा. वोडच्या पानांतून मिळणारे रंगद्रव्य आपल्या निळीतलेच. हिरवा रंग निळा आणि पिवळा एकावर एक चढवून साधलेला असतो आणि उजेडात आधी पिवळा उडतो. म्हणूनच जुन्या टॅपेस्ट्रींतील झाडे निळसर दिसतात. पाठीवर मात्र गवत अजून गवतासारखे हिरवे आहे. ती बाजू भिंतीकडे असल्यामुळे मला छायाचित्रांतच पाहावी लागली. एका छायाचित्रात एकच पान जवळून घेतले होते: हिरव्याच्या तीन छटा, कडेला पिवळ्याची बारीक रेघ, आणि कोठेही एक टोकसुद्धा लोंबत नव्हते.