पाच मिनिटांत बावीस प्रश्न

मुलगा पाच वर्षांचा. रोज सकाळी चपला घालण्यावरून रडारड, आदळआपट आणि शेवटी माझा चढलेला आवाज. त्याला कुणीतरी 'सरळ' करून द्यावं, अशा हिशोबाने मी थेरपिस्टकडे गेलो. शिकायचं मला होतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी असं या पद्धतीचं नाव. शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात ती तयार केली, साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. खोलीत मी, मुलगा आणि ठोकळे. थेरपिस्ट मॅडम काचेपलीकडे, त्यांचा आवाज माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये. पहिली पाच मिनिटं मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या मोजत होत्या. मग कागद दाखवला. प्रश्न २२, सूचना ९, नेमकं कौतुक शून्य.

मी तर खेळत होतो! 'हे काय केलंस? हा रंग कुठला? इथे का नाही लावत?' मला वाटे, मी किती रस घेतोय. त्याची तिथे तोंडी परीक्षा चालली होती.

पहिल्या टप्प्यात खेळ मुलाच्या मर्जीने चालतो. तो करतोय ते आपण बोलून दाखवायचं, त्याचं म्हणणं आपल्या तोंडून परत म्हणायचं, आणि कौतुक नेमक्या गोष्टीचं करायचं. नुसतं 'शाब्बास' धरत नाहीत. 'ठोकळा किती अलगद ठेवलास' धरतात. पाच मिनिटांत हे तिन्ही प्रकार दहा-दहा वेळा, आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून जास्तीत जास्त तीन, एवढं जमलं की पुढचा टप्पा. घरी सराव करताना मी समालोचकासारखा सुरू झालो, तर मुलगा म्हणाला, "बाबा, तू असं काय बोलतोयस?"

हा खेळ रोज पाच मिनिटं, तेही त्याने दिवसभर उच्छाद मांडला असला तरी. हे मला पचेना. एकदा त्याने रागाने माझा चष्मा फेकला, काच फुटली. त्या संध्याकाळी दात-ओठ खात ठोकळ्यांपुढे बसलो. कौतुक सुचेना, म्हणून नुसतं वर्णन करत राहिलो. थोड्या वेळाने तो सरकत सरकत माझ्या मांडीला टेकला.

दुसरा टप्पा शिस्तीचा. सूचना एकच, थेट आणि शांत आवाजात. 'घालूया का चपला?' ही सूचना नव्हेच, त्यावर 'नाही' हे रास्त उत्तर आहे. सांगून झालं की पाच सेकंद गप्प राहायचं. तरीही ऐकलं नाही तर एकदा इशारा, मग थोडा वेळ खुर्चीत बसणं. खुर्चीचा प्रकार मला आजही पुरता पटलेला नाही, पण ओरडण्यापेक्षा बरा. मुलाला आधी बाहुलीवर तो करून दाखवला होता, त्यामुळे धसका बसला नाही.

सगळं मिळून पाचेक महिने गेले. सकाळी अजून कधीतरी वाजतंच. काल म्हणालो, "चपला घाल," आणि मनात मोजू लागलो. तिनावर तो उठला. चपला उलट्या पायांत घातल्या. मी काही बोललो नाही.