कोपऱ्यातला राजा

तालुक्याच्या गावी मुलींची बुद्धिबळ स्पर्धा असली, की शेवटच्या फेरीत एखाद्या पटाभोवती हमखास घोळका जमतो. पांढरीकडे राजा आणि वजीर, काळीकडे नुसता राजा. खिडकीतून डोकावणारे काका निकाल देऊनही टाकतात, "जितली पोट्टी!" आणि मिनिटभरात दोघी हात मिळवतात. डाव बरोबरीत.

घोळ होतो तो पाठ केलेल्या युक्तीमुळेच. एकटा राजा हाकायचा तर वजीर त्याच्यापासून घोड्याच्या उडीइतका लांब ठेवायचा आणि राजा जिकडे सरकेल तिकडे आपणही तेवढंच सरकायचं. शह द्यायची गरजच नाही. बैल गोठ्याकडे वळावा तसा राजा कडेला लागतो. पटाचे उभे स्तंभ ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८, त्यावरून घराचं नाव. जी ८ वर काळा राजा, ई ७ वर वजीर, इथवर सगळं ठीक. राजा एच ८ ला कोपऱ्यात शिरतो, सवयीने वजीर एफ ७ ला येतो आणि घात होतो. जी ८, जी ७, एच ७ तिन्ही घरं बंद, पण राजाला शह नाही. चाल काळीची आणि हलायला जागा नाही. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत!

खरं तर वजीर ई ७ वरच राहू द्यायचा. काळा राजा एच ८ आणि जी ८ मध्ये येरझारा घालत बसतो. तेवढ्यात आपला राजा जी ६ ला आणायचा आणि वजीर जी ७ वर टेकवायचा. मात. हे घरी सगळ्यांना येतं. घड्याळात सात-आठ सेकंद उरले की बोटं डोक्याचं ऐकत नाहीत, एवढंच.

काकांना मात्र पटत नाही. "सारी फौज मारली, मंग अर्धाच गुण काहून?" ज्याची सारी फौज गेली तो हरला, या हिशेबाने त्यांना हे अजबच वाटणार. बरोबरी म्हणजे कच्चा खेळ, हा समज तर कुठेच टिकत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम लढतीतले दोन्ही क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेचे, डाव बरोबरीतच सुटले होते.

आणि काळीकडून खेळणारी? हरलेल्या डावात तिने राजा मुद्दाम कोपऱ्याकडे नेला असेल, तर तो अर्धा गुण कमावलेलाच म्हणायचा. पंच निकाल लिहून घेतात, दोघी सह्या करतात. पांढरीची पोर अजून एफ ७ च्या घराकडेच बघत असते.